नव्या कॉम्प्युटरवर अण्णांची जुनी अक्षरं

अण्णांच्या घशाचं ऑपरेशन बेळगावात झालं. स्वरयंत्र काढावं लागणार, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी वॉर्डात आईनं त्यांना विचारलं, काही बोलायचं राहिलंय का. अण्णा छताकडं बघत म्हणाले, "गॅसचा नंबर लावायचा राहिलाय. तेवढा लाव." त्यांच्या आवाजातलं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य तेच.

निपाणीला घरी आले तेव्हा त्यांच्या गळ्याच्या खालच्या बाजूला श्वास घ्यायला एक भोक होतं आणि त्यावर पांढरा जाळीचा रुमाल. हॉस्पिटलनं बोलण्यासाठी एक छोटं यंत्र दिलं होतं. ते गळ्याला लावून ओठ हलवले की शब्द ऐकू यायचे, पण ते माणसाचे वाटत नसत. अण्णा विहारात वंदना सांगायचे. रविवारी त्यांच्या मागून सगळी आळी म्हणायची. घरात कुणी नाही असं समजून त्यांनी एकदा त्या यंत्रातून वंदनेची पहिली ओळ म्हणून बघितली. मी परसात कपडे वाळत घालत होते. ओळ पूर्ण व्हायच्या आधीच थांबली. यंत्र त्यांनी डबीत घातलं, कपाटात ठेवलं आणि पुन्हा काढलं नाही.

मग पाटी आली. पाटीवर लिहायचं, पुसायचं, परत लिहायचं. शेवटी ते पाटीलाही कंटाळले आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले.

अण्णांचं पोट टायपिंगवर चाललं. पोरवयात ते आमच्या आजोबांबरोबर तंबाखूच्या वखारीत बोदं, म्हणजे तंबाखूची मोठी पोती, उचलायचे आणि संध्याकाळी अंग धुऊन टायपिंगच्या क्लासला जायचे. अंग धुतलं तरी वास जात नसे, म्हणून शेवटच्या मशीनवर बसायचे, असं ते सांगत. पुढं निपाणीतल्या एका वकिलांकडं टायपिस्ट म्हणून लागले ते रिटायर होईपर्यंत तिथंच होते. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही भाषांत त्यांची बोटं न बघता चालायची. वकिलांनी ऑफिस बंद केलं तेव्हा तिथला कॉम्प्युटर अण्णांनाच दिला, त्याच्या प्रोग्रामच्या सीडीसकट.

त्या कॉम्प्युटरवर अण्णांनी आपलं बोलणं उभं केलं. पडदा भिंतीकडून फिरवून खोलीकडं केला. अक्षरं एवढी मोठी केली की एका वेळी दोन-तीन ओळीच मावायच्या. आई पूर्वी विड्या वळायची, आणि वाचायला शिकली ती मोठेपणी, साक्षरतेच्या वर्गात. ती एकेका शब्दावर बोट फिरवल्यासारखं डोकं हलवत वाचते, आणि मोठ्यानं वाचते. अण्णा लिहायचे ऑफिसच्या भाषेत, कारण टाइप करताना त्यांना दुसरी भाषा येतच नव्हती. पडद्यावर यायचं, "पंख्याचा वेग कमी करण्यात यावा." आई वाचायची, "पंखा कमी कर म्हणत्यात." पाहुण्यांना आधी हसू यायचं, मग सवय व्हायची. हळूहळू असं झालं की अण्णांचं बोलणं आम्ही आईच्या आवाजात ऐकायला लागलो.

त्या जुन्या प्रोग्राममध्ये एक सोय होती. आपण एखादा शब्द नेहमी चुकीचा लिहीत असू, तर तो आपोआप दुरुस्त व्हावा म्हणून चूक आणि बरोबर शब्द दोन्ही तिथं भरून ठेवता येत. अण्णांनी त्या सोयीचा भलताच उपयोग केला. त्यांनी तिथं चुकांच्या जागी एकेक अक्षर भरलं आणि दुरुस्तीच्या जागी अख्खी वाक्यं. मग नुसतं 'च' लिहून जागा सोडायची लांब कळ दाबली की पडद्यावर उमटायचं, "चहा झाला असल्यास अर्धा कप मिळावा." 'ख' लिहिलं की खिडकी लावून घ्यावी. 'दु' लिहिलं की "दुखत नाही. काळजी नसावी." ऑपरेशननंतरच्या महिन्यांत ते 'दु' आम्ही पुष्कळ वेळा वाचलं. अशी वाक्यं भरत भरत त्यांचा बोलायचा वेग एवढा झाला की समोरच्याचं संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार असायचं.

काही वर्षं हे असं चाललं. मग गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी कॉम्प्युटरमधून जळका वास आला आणि पडदा काळा झाला.

बसस्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्यानं तो उघडून बघितला. आतला मदरबोर्ड गेलाय, तसला आता मिळत नाही, म्हणाला. ज्या डिस्कमध्ये सगळं साठवलेलं असतं, ती त्यानं दुसऱ्या मशीनला जोडून बघितली. तिच्यातून नुसती टिकटिक ऐकू आली. दोन दिवस ठेवून घेतली आणि हात जोडून परत दिली.

मी बेळगावात राहते, जवळच्याच मच्छे गावातल्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करते. आईचा फोन आला त्याच आठवड्यात मी नवा कॉम्प्युटर घेतला. दुकानदारानं विचारलं, ऑफिसचं काय टाकू. मी म्हटलं, सगळ्यात नवीन असेल ते टाका. अण्णांना चांगलंच द्यायचं, एवढंच डोक्यात होतं. खोकं मांडीवर घेऊन निपाणीला गेले. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, आत काय आहे, फुटेल असं काही आहे का. मी म्हटलं, वडिलांचं काम आहे त्यात. त्यानं मला पुढं बसवलं.

अण्णा दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून वाट बघत होते. कॉम्प्युटर लावला, प्रोग्राम उघडला आणि मी बाजूला झाले. वरच्या बाजूला चित्रांची रुंद पट्टी होती, पण फाईल, एडिट, फॉरमॅट असे जे शब्द त्यांना जागेवर पाठ होते, ते तिथं नव्हते किंवा दुसरीकडं गेले होते. त्यांनी टाइप करायला घेतलं. त्यांची अक्षरं टाइपरायटरच्या जुन्या मांडणीची. तो फाँट मी पेनड्राइव्हवरून घातला होता. पण वाक्याचं पहिलं अक्षर लिहिलं की नवा प्रोग्राम ते इंग्रजी समजून मोठं करायचा, आणि मराठीत भलतंच अक्षर उमटायचं. अण्णा पुसायचे, परत लिहायचे, ते परत बदलायचं. मध्येच एक चौकट येऊन नाव, ईमेल विचारायची. मी एक गोष्ट बंद केली की दुसरी निघायची.

आईनं पडद्यावर आलेलं वाचायचा प्रयत्न केला आणि थांबली. "हे काय लिवलंय? मला वाचायला येईना झालंय," ती म्हणाली. चूक आपली आहे असं तिला वाटलं होतं.

अण्णांनी हात मांडीवर ठेवले. थोड्या वेळानं उठून पाटी घेऊन आले.

पुढचे दोन रविवार मी गेले तेव्हा नव्या कॉम्प्युटरवर आईनं टॉवेल घातला होता. अण्णा पाटीवर 'होय' आणि 'नको' एवढंच लिहीत होते. आई म्हणाली, तब्येत बरी आहे, जेवतात नीट, फक्त सगळ्याला होय म्हणतात. भाजी कुठली करू, होय. भावाकडं जाऊन येऊ का, होय. "पन्नास वरसांत ह्यांनी माझं एवढं ऐकलं न्हाय," ती म्हणाली, आणि ते तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं. एवढ्या लहान पाटीवर वाद कसा घालणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. एक कारण लिहून पुसेपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असतो.

निघताना अण्णांनी पाटी माझ्यासमोर धरली. लिहिलं होतं, "जुने टाका."

मी बेळगावच्या दुकानदाराला फोन केला. त्याला वाटलं मशीनमध्ये दोष आहे. जुना प्रोग्राम टाकायचाय म्हटल्यावर तो म्हणाला, "हळेदु याक्री, मॅडम?" म्हणजे जुनं कशाला. नवं असताना जुनं मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं. त्याच्याकडं ते नव्हतं. पण आमच्याकडं सीडी होती. आईनं ती जुन्या चादरीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती आणि तिच्या डबीच्या मागं लायसन्सचा आकडा चिकटवलेला होता, तोही शाबूत होता.

अडचण अशी की नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नव्हती. मी कारखान्यात सहज बोलले. आमच्यात बेळगुंदीचे एक सहकारी आहेत, शेती आणि नोकरी दोन्ही सांभाळणारे. त्यांच्याकडं बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह होता. लग्नाची सीडी बघता यावी म्हणून त्यांनी तो घेऊन ठेवला होता. सोमवारी आणून दिला आणि सांगितलं, परत देण्याची घाई नाही, आम्ही दोघं हल्ली ती सीडी बघत नाही.

रविवारी सकाळी निपाणीच्या घरात मी टॉवेल काढला. अण्णा खुर्चीत, आई स्टुलावर, मी दोघांच्या मध्ये उकिडवी. आधी नवा प्रोग्राम काढून टाकला, कारण दोन्ही एकत्र नांदत नाहीत असं मी कुठंतरी वाचलं होतं. सीडी घातली. कॉम्प्युटरनं पहिल्यांदा नाही म्हटलं: हा प्रोग्राम फार जुना आहे, नीट चालेल याची खात्री नाही. मग त्यातच एक वाट सापडली. जुन्या कॉम्प्युटरसारखं वाग, असं नव्याला सांगायची एक सोय असते. ती लावल्यावर हिरवी पट्टी हळूहळू पुढं सरकायला लागली. आई तिच्याकडं दुधाकडं बघावं तशी बघत बसली.

डबीवरचा आकडा घातला, तो स्वीकारला गेला. पण शेवटी नवीन चौकट आली. प्रोग्राम चालू राहायला हवा असेल तर कंपनीची परवानगी घ्या. माझ्या मोबाइलचं इंटरनेट जोडून बघितलं, तरी परवानगी मिळेना. खाली लिहिलं होतं, फोन करा.

फोनवर माणूस नव्हता, रेकॉर्ड केलेला आवाज होता. त्यानं पडद्यावरचे आकडे फोनवर दाबायला सांगितले. ते गटागटानं होते आणि पुष्कळ होते. आईला आकडे शब्दांपेक्षा चांगले वाचता येतात. ती पडद्याजवळ सरकून एकेक गट सांगत गेली आणि मी दाबत गेले. एका ठिकाणी माझं बोट चुकलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. आई दुसऱ्यांदा आणखी सावकाश वाचायला लागली.

मग तो आवाज आम्हाला आकडे सांगायला लागला, ते कॉम्प्युटरमध्ये भरायचे होते. मी कीबोर्ड माझ्याकडं ओढायला गेले, तर अण्णांनी हातानं मला थांबवलं. ते खुर्चीत सरळ झाले, मनगटं उचलली, बोटं कीबोर्डवर ठेवली आणि नजर भिंतीकडं लावली. मी फोनमधलं ऐकून मोठ्यानं सांगायचे आणि त्यांची बोटं चालायची. वकिलांच्या ऑफिसात असंच असणार. सांगणारा येरझाऱ्या घालतोय आणि हे त्याच्याकडं न बघता लिहून घेतायत. मी अडखळले की ते थांबायचे, मान किंचित तिरकी करायचे, मी सुधारलं की पुढं. एकही आकडा परत पुसावा लागला नाही. परवानगी मिळाली आणि तो जुना, साधा, राखाडी पडदा उघडला.

अण्णांनी फाँट निवडला, अक्षरं मोठी केली, हे सगळं माऊसला हात न लावता. मग 'च' लिहिलं आणि ती लांब कळ दाबली.

पडद्यावर नुसता 'च' राहिला.

त्यांनी परत एकदा केलं. मग माझ्याकडं बघितलं. प्रोग्राम आला होता, पण त्यांनी भरलेली वाक्यं जुन्या डिस्कबरोबर गेली होती. मला हे आधी कळायला हवं होतं, कळलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की ती परत मिळणार नाहीत, नव्यानं भरावी लागतील. त्यांनी टाइप केलं, "हरकत नाही. बसू."

त्यानंतर बरेच रविवार आम्ही बसलो. एखादं अक्षर ठरवायचं, त्याच्या पुढं वाक्य लिहायचं, चालतं का बघायचं. मला वाटलं होतं ते जुनीच वाक्यं एकेक आठवून भरतील. पण तसं झालं नाही. चहा, खिडकी, पंखा एवढी आली. 'दु' आलं नाही. मी आठवण केली तर त्यांनी लिहिलं, "आता दुखत नाही. मग सांगायचे कशाला?" त्याऐवजी पेपरमधली बातमी वाचून दाखव, कोल्हापूरची गाडी किती वाजता आहे, तुझं काय मत आहे, अशी वाक्यं भरली. पहिल्या वेळची वाक्यं आजारी माणसाची होती, ही तशी नव्हती.

एका रविवारी ते सुचेना म्हणून थांबले आणि आईकडं वळले. लिहिलं, "तुमची काही सूचना असल्यास कळवावी."

आईनं वाचलं. ती घेवडा निवडत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "टाळ्या वाजवून बोलवू नगा. एवढं लिवा."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आवाज गेल्यापासून आई स्वयंपाकघरात असली की अण्णा तिला टाळी वाजवून बोलवायचे. एक टाळी म्हणजे ये, दोन म्हणजे लवकर ये. आम्हा सगळ्यांना ते इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही आहे असं वाटतच नव्हतं.

"कशागत वाटतंय मला," आई म्हणाली. "कोंबड्या हाकलल्यागत. इतकी वरसं बोलले न्हाय, तुमी आजारी हुता. आता बरं हाय तर सांगतीया."

अण्णांची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. बोलता येत होतं तेव्हाही त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. 'अगं' म्हणायचे, नाहीतर माझ्या नावाला 'आई' जोडायचे. गल्लीतले तिला आक्का म्हणतात, नातवंडं आज्जी. तिचं स्वतःचं नाव रेशनकार्डावर आणि मतदानाच्या यादीत तेवढं होतं.

अण्णांनी सगळं पुसलं आणि कोऱ्या पडद्यावर तिचं नाव लिहिलं. मग ते आणखी मोठं केलं, पडदाभर.

आईनं वर बघितलं. पडद्यावरचं सगळं ती मोठ्यानं वाचते, पण हे तिनं मनातच वाचलं. डोकं एकदाच हललं. हातातली शेंग तिनं परातीत ठेवली.

"काय वो?" ती म्हणाली.

अण्णांना सांगायचं काहीच नव्हतं. त्यांनी लिहिलं, "काही नाही."

मी पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि जरा वेळ आतच थांबले.

दुसऱ्या दिवशी टेबल हलवलं गेलं. आता स्वयंपाकघराच्या दारातून पडदा दिसतो. अण्णा टेबलावर बोटानं हलकेच टकटक करतात. आई वळून बघते तेव्हा पडद्यावर तिचं नाव असतं. त्यासाठी त्यांनी कुठलं अक्षर ठरवलंय, ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

कॉम्प्युटरला मी इंटरनेट जोडलेलं नाही. जुन्या प्रोग्रामला ते धोक्याचं, असं जाणकार सांगतात, आणि अण्णांना त्याची गरजही पडत नाही. गल्लीतल्या बायका पूर्वी अण्णांकडून अर्ज टाइप करून घ्यायच्या, त्याही परत यायला लागल्यात. विहारात अण्णा शेवटच्या ओळीत बसतात आणि वंदना ऐकतात. ते बदललेलं नाही.

मागच्या महिन्यात मी न सांगता गेले. दार उघडंच होतं. आत जोरात भांडण चालू होतं, म्हणजे आवाज आईचा एकटीचाच होता. कोल्हापुरात तिच्या चुलतभावाच्या घरी लग्न होतं. तिला जायचं होतं, अण्णांना जायचं नव्हतं. पडद्यावर ओळींवर ओळी पडत होत्या. "मागील लग्नात आपणास कोणी विचारले नाही." "जेवणाची व्यवस्था समाधानकारक नव्हती." आई आता वाचून दाखवत नव्हती, वाचता वाचता थेट उत्तरच देत होती, आणि उत्तर संपायच्या आत पुढची ओळ तयार असायची. मी आलेलं दोघांनाही दिसलं, पण थांबलं कुणीच नाही. मी चप्पल काढून स्टुलावर बसले आणि एकीचं ऐकत, दुसऱ्याचं वाचत राहिले.

बऱ्याच वेळानं अण्णांनी विचारलं, "पत्रिकेत माझे नाव आहे का?" आई उठली, पत्रिका आणून त्यांच्यापुढं धरली. नाव होतं, पण आडनाव चुकलं होतं. अण्णांनी बराच वेळ पत्रिका बघितली. मग त्यांनी लिहिलं की टायपिंग करणाऱ्याला हे सांगायला हवं आणि त्यासाठी समक्ष जावं लागेल.

दोघं गेली. मी त्यांना स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीत बसवून दिलं. आईनं खिडकीजवळची जागा घेतली आणि अण्णांना पाटीची पिशवी मांडीवर धरायला दिली.